अवधाण का येतं?

श्रोतेहो, नमस्कार.

पायाला काटा बोचतो, जखम चिघळते आणि दोन दिवसांनी जांघेत एक दुखरी गाठ हाताला लागते. अवधाण आलं, असं आपण म्हणतो. जखम पायाला आणि गाठ जांघेत, हे जरा विचित्रच. लहानपणी मला वाटायचं, पू आतल्या आत वर चढला असेल. बहुतेक वेळा तसं नसतं. ती गाठ म्हणजे सुजलेली लसिका ग्रंथी. ती का सुजते, हे समजून घ्यायला निघालं की वाटेत एक पेशी भेटते: मदतनीस टी पेशी.

हे नाव मला नेहमीच थोडं फसवं वाटतं. मदतनीस म्हटलं की फायली इकडून तिकडे नेणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. इथे मात्र फाईल पुढे सरकते ती याच्याच सहीनं. नाव पडलं ते प्रयोगांमुळे. १९६६ मध्ये अमेरिकेत हेन्री क्लॅमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही उंदरांच्या प्रतिकारपेशी किरणांचा मारा करून नष्ट केल्या. मग काहींना अस्थिमज्जेतल्या पेशी दिल्या, काहींना छातीच्या हाडामागे असणाऱ्या थायमस ग्रंथीतल्या. प्रतिपिंडं, म्हणजे परक्या गोष्टीला चिकटणारी शरीराची प्रथिनं, जेमतेम तयार झाली. दोन्ही पेशी एकत्र दिल्या, तेव्हा मात्र भरपूर. दोनच वर्षांनी ऑस्ट्रेलियात मिलर आणि मिचेल यांनी दाखवलं, की प्रतिपिंडं बनवतात त्या मज्जेतून आलेल्या बी पेशी. थायमसमधून आलेल्या टी पेशी स्वतः एकही प्रतिपिंड बनवत नाहीत, आणि तरी त्यांच्यावाचून अडतं.

आता पुन्हा पायाच्या जखमेकडे येऊ. त्वचेत फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या डेंड्रायटिक पेशी असतात. त्या जंतू गिळतात, त्याच्या प्रथिनांचे बारीक तुकडे करतात आणि ते तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडून लसिकावाहिनीतून जांघेतल्या ग्रंथीत पोहोचतात. तिथे टी पेशी एकामागून एक येऊन तो तुकडा चाचपून बघतात. प्रत्येक टी पेशीची ओळखण्याची खोबण ठरलेली असते, जन्मभर तीच. एखाद्या तुकड्याशी जुळणारी पेशी लाखात एक, कधी दहा लाखांत एक. ती सापडावी कशी? ग्रंथी मग एक साधा उपाय करते. आत येणाऱ्या पेशींचा ओघ वाढवते आणि आलेल्यांना काही काळ बाहेर सोडतच नाही. गर्दी होते, ग्रंथी फुगते. हेच ते अवधाण.

खोबण जुळली म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. डेंड्रायटिक पेशीकडून दुसरा एक इशारा यावा लागतो, आणि तो ती देते फक्त जंतूची किंवा इजेची चाहूल लागलेली असेल तर. नुसता तुकडा जुळला आणि इशारा आलाच नाही, तर टी पेशी कामाला लागण्याऐवजी उलट थंड पडते. इतकी काटेकोर पारख कशासाठी? आपल्याच शरीराला परकं समजणाऱ्या पेशी थायमस मोठ्या संख्येनं मारून टाकते, पण काही निसटतातच. त्यांना आवरायला ही दुसरी चौकी.

दोन्ही गोष्टी जमल्या, की ती एकटी पेशी दिवसातून दोन-तीनदा विभागत जाते आणि काही दिवसांत तिची हजारो पिल्लं होतात. जंतू नवा असेल तर शरीराला सावरायला आठवडाभर लागतो, तो यामुळेही.

या पिल्लांपैकी काही जणी बी पेशींना गाठतात. बी पेशीनंही तोच जंतू पकडून, गिळून त्याचे तुकडे मांडलेले असतात. मदतनीस ते ओळखते आणि बी पेशीला होकार देते. त्यानंतरच बी पेशी अधिक चांगली, अधिक घट्ट चिकटणारी प्रतिपिंडं बनवू लागते.

या होकाराची किंमत लहान मुलांच्या लसींत दिसते. मेंदूज्वर घडवणाऱ्या काही जिवाणूंभोवती साखरेच्या लांब साखळ्यांचं कवच असतं. बी पेशी ती साखर ओळखते, पण मदतनीस टी पेशींना दाखवता येतात ते प्रथिनांचे तुकडे. साखर दाखवायची कशी? होकार मिळत नाही, आणि दोन वर्षांखालच्या बाळांत नुसत्या साखरेच्या लसीचा फारसा उपयोग होत नाही. यावर युक्ती अशी, की साखरेला एक प्रथिन जोडून द्यायचं, उदाहरणार्थ धनुर्वाताचं निर्विष केलेलं प्रथिन. बी पेशी पकडते साखर, पण तिच्याबरोबर प्रथिनही पोटात जातं आणि बाहेर मांडला जातो त्याचा तुकडा. धनुर्वाताचं प्रथिन ओळखणारी मदतनीस येते, सही करून जाते, आणि प्रतिपिंडं बनतात ती साखरेविरुद्ध! सही करणारीनं साखर पाहिलेलीसुद्धा नसते. गंमत म्हणजे साखरेला प्रथिन जोडून दिलं की प्रतिपिंडं तयार होतात, हे १९२९ मध्येच अ‍ॅव्हरी आणि गोबेल यांनी दाखवलं होतं. का होतात, ते सांगायला तेव्हा टी पेशीच कुणाला ठाऊक नव्हत्या.

प्रतिपिंडांचा उपयोग नसतो अशीही ठिकाणं आहेत. क्षयाचा जंतू भक्षक पेशीच्या पोटातच ठाण मांडतो. तिथे मदतनीस पेशी इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडते आणि सुस्तावलेल्या भक्षक पेशीला आतला जंतू मारायचं बळ येतं. क्षयाचा संसर्ग तपासणाऱ्या मांटू चाचणीत हातावर जी टणक सूज येते, ती याच पेशी जमल्याची खूण. त्यांना जमायला वेळ लागतो, म्हणून हात लगेच न बघता ४८ ते ७२ तासांनी बघतात.

आणि याच पेशीच्या दाराचा कडीकोयंडा एचआयव्हीला सापडला. तिच्या पृष्ठभागावरच्या सीडी-४ नावाच्या रेणूला धरून तो आत शिरतो. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात या पेशी साधारण ५०० ते १,५०० असतात. त्या २०० च्या खाली गेल्या की एड्सची अवस्था मानतात. अशा वेळी अंगात क्षय असूनही मांटूचा हात सपाट राहू शकतो. सूज आणणारं कुणी उरलेलंच नसतं.

मग उपचार सुरू होतात, विषाणू दबतो, पेशी पुन्हा वाढू लागतात. आणि काही रुग्णांना नेमकं तेव्हाच, पहिल्या काही आठवड्यांत, ताप येतो, मानेत गाठी सुजतात. औषध लागू पडत नाही असं वाटून रुग्ण घाबरतो. ही सूज कधी कधी धोक्याचीही असते, त्यामुळे डॉक्टर ती हलक्यात घेत नाहीत. पण एचआयव्हीची औषधं ते सहसा बंद करत नाहीत. कारण अंगात दडून बसलेला क्षय ओळखणारी पेशी परत आलेली असते, आणि मानेतल्या ग्रंथीत पुन्हा गर्दी झालेली असते.

नमस्कार.