रिबनचं लॉक तुटलं, तर

श्रोतेहो, नमस्कार.

हातात धरून खेळायच्या गेम कन्सोलची जॉयस्टिक आपोआप एका बाजूला ओढू लागली, की पुढचं सगळं ठरल्यासारखं घडतं. नवी जॉयस्टिक मागवली जाते, स्क्रू उघडले जातात, आणि जुनी रिबन काढताना 'टक्' असा बारीक आवाज येतो. उकड्या तांदळाच्या दाण्याएवढी एक काळी पट्टी उडून फरशीवर पडते. जॉयस्टिक राहते बाजूला, आता रिबन बोर्डाला जोडणारा कनेक्टरच तुटलेला असतो, कारण ती काळी पट्टी म्हणजे त्याचं लॉक. असं कन्सोल अडगळीत टाकू नका. बोर्ड बदलायची गरजही सहसा पडत नाही. मात्र नेमकं काय तुटलं आहे हे आधी ओळखायला हवं. त्यासाठी हा कनेक्टर चालतो कसा, ते समजून घेऊ.

रिबन म्हणजे तांब्याच्या बारीक पट्ट्या अंगात असलेली प्लास्टिकची पातळ फीत. तिच्या टोकाला तांबं उघडं असतं, आणि मागच्या बाजूला ताठपणासाठी एक जाड पट्टी चिकटवलेली असते. बोर्डावरच्या कनेक्टरमध्ये स्प्रिंगसारख्या पिनांची रांग असते. लॉक उघडं असताना रिबन आत अलगद सरकते, जोर लागत नाही. लॉक बंद केलं, की त्याचा गोलसर दांडा फिरतो आणि पिना रिबनवर दाबल्या जातात. वीज जाते ती या दाबामुळे. म्हणून लॉक गेलं, की रिबन आत दिसत असूनही पडदा काळा राहतो किंवा बटण चालत नाही.

लॉकच्या जाती ओळखणं फार महत्त्वाचं आहे, कारण नव्वद टक्के काळजी इथेच घ्यायची असते. पहिल्या जातीत लॉक म्हणजे एक फिरणारी झडप, ती रिबन आत शिरते त्याच बाजूला असते आणि तिथूनच नखाने वर उचलायची असते. दुसऱ्या जातीत झडप बरोबर उलट, मागच्या बाजूला असते. जॉयस्टिकच्या रिबनपाशी बसलेला माणूस सवयीने पुढून चिमटा घालतो, आणि झडप मागून उघडणारी असेल तर तिचे टोकाचे दोन नाजूक कान तिथेच तुटतात. झडप साधारण ९० अंश, म्हणजे उभी होईपर्यंत फिरते. तिथे ती अडली की थांबायचं. तिसरी जात सरकणाऱ्या लॉकची. गेम बॉय ॲडव्हान्स या निन्टेंडोच्या जुन्या कन्सोलच्या पडद्याचा कनेक्टर असा आहे. दोन्ही टोकांना गडद रंगाचे कान असतात, ते आळीपाळीने, एकेक केसभर, रिबनच्या दिशेने ढकलायचे. एकच कान पूर्ण ओढला तर पट्टी तिरकी होते आणि मोडते. शिवाय काही कनेक्टरना लॉकच नसतं. ते प्रेस बटणासारखे बसतात, त्यांना सरळ वर उचलायचं. बॅटरीचे कनेक्टर बऱ्याचदा असे असतात.

खोलण्यापूर्वी हत्यारांबद्दल थोडंसं. निन्टेंडोच्या स्विच कन्सोलला आणि त्याच्या सुट्या होणाऱ्या कंट्रोलरला, म्हणजे जॉयकॉनला, मागच्या बाजूने तीन पात्यांचा वाय-शून्य-शून्य स्क्रूड्रायव्हर लागतो, जॉयकॉनला असे चार स्क्रू असतात. सोबत प्लास्टिकची पातळ पट्टी, टोकदार चिमटा, किमान दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि एक मल्टिमीटर. बॅटरी फुगलेली दिसली तर पुढे काही करू नका, ती सुरीने खरवडून काढायला जाऊ नका. बॅटरी ठीक असेल तर आत गेल्यावर पहिलं काम तिचा कनेक्टर काढण्याचं. हे दरवेळी करायचं. कारण रिबन तिरकी बसली असताना वीज लागली, तर पडद्यामागच्या दिव्याची, म्हणजे बॅकलाइटची, जास्त व्होल्टेजची रेषा शेजारच्या पिनेला टेकते आणि बोर्डावरचा फ्यूज जातो. निन्टेंडोच्याच डीएस लाइट कन्सोलच्या बोर्डावर एफ-१ आणि एफ-२ नावाचे दोन फ्यूज आहेत, ते बहुधा अशाच घाईत उडतात. डीएस लाइटचंच आणखी एक लक्षण लक्षात ठेवा: दिवा क्षणभर लागून बंद झाला, तर वरच्या पडद्याची रिबन नीट बसलेली नाही असं आधी समजा.

आता भिंगाखाली पाहूया. लॉक नुसतं निसटलं आहे, लॉक मोडलं आहे, पिना वाकल्या आहेत, की पूर्ण कनेक्टर बोर्डापासून उखडला आहे?

नुसतं निसटलं असेल तर तुमचं नशीब चांगलं आहे. झडपेचे दोन्ही कान शाबूत आहेत का पाहा. झडप उभी धरा, म्हणजे उघड्या स्थितीत, आणि पिनांच्या वाकलेल्या आकड्यांखाली तिचा दांडा दोन्ही टोकांकडून हलकेच सरकवा. आडवी धरून बसवायला गेलात तर बसणार नाही, उलट आकडे वाकतील. बसली की रिबन न घालता झडप बंद करून बघायचा मोह टाळा. आत रिबन नसताना झडप दाबली, तर काही कनेक्टरमध्ये पिना नेहमीपेक्षा जास्त मिटतात आणि नंतर दाब कमी पडतो.

लॉक मोडलं असेल पण पिना सरळ असतील, तर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे त्याच जातीच्या दुसऱ्या कनेक्टरची झडप. खराब झालेल्या बोर्डावरून ती काढता येते. मेलेले बोर्ड फेकू नका, त्यांच्यावरचे सुटे भाग असेच उपयोगी पडतात. झडप मिळत नसेल तर पाचर मारता येते. ०.५ मिलिमीटर अंतराच्या पिनांसाठी रिबनच्या टोकाची जाडी साधारण ०.३ मिलिमीटर असते, ०.३ अंतराच्या पिनांसाठी साधारण ०.२. लॉक नसताना जो दाब हवा, तो ही जाडी थोडी वाढवून मिळवायचा. रिबनच्या ताठ पट्टीच्या बाजूला, म्हणजे उघड्या तांब्याच्या उलट बाजूला, कॅप्टॉन टेपचा, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या पातळ टेपचा, रिबनच्या रुंदीएवढा, तीन-चार मिलिमीटर लांब तुकडा चिकटवा. टेपचा एक थर साधारण ०.०५ ते ०.०६ मिलिमीटर भरतो. एका थराने बघा, न जमल्यास दुसरा. तिसरा लावू नका, पिना कायमच्या ताणल्या जातात. शेवटी कनेक्टरवर फोमचा लहान तुकडा ठेवा, म्हणजे मागचं झाकण लावल्यावर तो दाबून धरेल. फोम जास्त जाड असेल तर झाकण फुगेल, तेव्हा कात्रीने कापून बसवा. हा इलाज महिनोन्महिने चालू शकतो, पण कन्सोल पडलं की रिबन सुटू शकते, हे मनात असू द्या.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका: फेविक्विकसारखा झटपट गोंद. तो पाण्यासारखा पातळ असतो, फटीतून आत शिरतो आणि पिनांवर चढून वीज अडवतो. मग दुरुस्तीसाठी काही शिल्लक राहत नाही.

पिना वाकल्या असतील तर बारीक सुईने एकेक पिन मूळ ओळीत आणा. एकदा, फार तर दोनदा. स्प्रिंगचं तांबं वारंवार वाकवलं की तुटतं. एखादी तुटली तर कनेक्टर बदलायचा.

बदलायच्या कनेक्टरची ओळख नीट पटवा. पिना मोजा. पहिल्या पिनेच्या मध्यापासून शेवटच्या पिनेच्या मध्यापर्यंत अंतर घ्या आणि पिनांच्या संख्येतून एक वजा करून त्याने भागा. कागद-पेन्सिल घेतली असेल तर लिहून घ्या: दहा पिना आहेत आणि अंतर ४.५ मिलिमीटर आहे, तर ४.५ भागिले ९, म्हणजे ०.५. दहाने भागलंत तर ०.४५ येतं, आणि असा कनेक्टर शोधत तुम्ही बाजार पालथा घालाल. शिवाय तांबं खालच्या बाजूला लागतं की वरच्या, झडप पुढून उघडते की मागून, आणि कनेक्टरची उंची, हेही नोंदवा. गेम बॉय ॲडव्हान्सच्या बोर्डात तर पडद्याचे कनेक्टर दोन तऱ्हेचे, ३२ पिनांचे आणि ४० पिनांचे. खोलून बघितल्याशिवाय पडदा मागवू नका.

जुना कनेक्टर काढताना सगळ्यात मोठा धोका पॅड, म्हणजे पिन जिथे डाखलेली असते तो बोर्डावरचा तांब्याचा ठिपका, उखडण्याचा. कारखान्यातलं शिसेविरहित सोल्डर, म्हणजे डाख द्यायचा धातू, सुमारे २१७ अंश सेल्सिअसला वितळतं. त्यात ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेलं सोल्डर मिसळलं की वितळणं १८३ पर्यंत उतरतं, आणि कमी तापमानाचं कथील-बिस्मथ मिश्रण वापरलं तर ते १३८ ला वितळतं. बिस्मथ सोयीचं आहे, पण नंतर विकने, म्हणजे सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वातीने, ते पूर्ण पुसून काढावंच लागतं. शिसं, कथील आणि बिस्मथ एकत्र राहिले तर त्यांचं मिश्रण ९६ अंशांवरच वितळू शकतं, आणि डाख कच्चा राहतो.

आजूबाजूच्या प्लास्टिकवर कॅप्टॉन टेप आणि वर ॲल्युमिनियम फॉइल लावा. फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट वाहायला मदत करणारं रसायन, लावा. आधी बोर्ड शंभरेक अंशांपर्यंत सावकाश गरम करा, मग हॉट एअर ३५० ते ३८० च्या सेटिंगवर, हवेचा झोत कमी ठेवून, गोल फिरवत धरा. झोत जास्त ठेवला तर शेजारचे कणीएवढे कपॅसिटर उडून जातात. चिमट्याने हलका स्पर्श करून पाहत राहा. सोल्डर वितळलं की कनेक्टर स्वतः तरंगल्यासारखा हलतो. तेव्हाच उचला. तो हलत नसताना उचललात, तर तांब्याचा पॅड सोबत येतो. हॉट एअर नसेल तर जुन्या कनेक्टरचं प्लास्टिक बारीक कटरने कापून टाका, आणि पिना इस्तरीने, म्हणजे सोल्डरिंग आयर्नने, एकेक काढा. कटर पिळायचा नाही, फक्त चावायचा. पिळला तरी पॅड उखडतो.

पॅड साफ झाले की नवा कनेक्टर ठेवा, आधी टोकाचा एक आधाराचा पॅड डाखा, भिंगातून ओळ जुळली का पाहा, मग दुसरा, मग पिना. आयर्न ३२० ते ३५० वर, प्रत्येक स्पर्श तीन सेकंदांच्या आत. सोल्डर कमी वापरा. जास्त झालं तर ते पिनेवरून चढून कनेक्टरच्या पोटात जातं आणि रिबन शिरत नाही. नंतर प्रत्येक पिन सुईने आडवी ढकलून बघा, कच्ची असेल ती हलते. मल्टिमीटरच्या बीप मोडमध्ये शेजारच्या पिना तपासा, बीप वाजला म्हणजे त्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. काही शेजारी जमिनीला, म्हणजे ग्राउंडला जोडलेले असतात, ते बीप देणारच. म्हणून शक्य असेल तर चांगल्या बोर्डाशी तुलना करा.

पॅड उखडलाच, तर त्याची रेषा शोधा. वरचा हिरवा लेप एक-दीड मिलिमीटर खरवडा, तांबं उघडं झालं की ०.१ मिलिमीटरची इनॅमल तार डाखून जम्पर करा, म्हणजे तुटलेली रेषा जोडा, आणि वरून यूव्ही मास्क, म्हणजे यूव्ही प्रकाशात कडक होणारा लेप, लावून यूव्ही दिव्याखाली पक्की करा. बॅकलाइटच्या रेषेसाठी याहून बारीक तार वापरू नका, तिच्यातून जास्त वीज जाते.

आता आपल्या गोव्याची एक खास अडचण. जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो, की कनेक्टरखाली राहिलेला फ्लक्स पाणी ओढतो, आणि अर्ध्या मिलिमीटरवरच्या पिनांमध्ये वीज झिरपू लागते. काम केल्यादिवशी कन्सोल छान चालतं, आठवड्याने पडदा लुकलुकतो. म्हणून ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, पुन्हा पुन्हा, आणि मग दिव्याखाली अर्धा तास वाळवणं. नळकामाचा ॲसिड फ्लक्स इलेक्ट्रॉनिक्सच्या जवळही आणू नका. किनाऱ्यालगतच्या घरांत खाऱ्या हवेमुळे तांब्यावर हिरवा थर येतो. रिबनच्या टोकाला हिरवं दिसलं आणि सोनेरी मुलामा गेलेला असेल, तर घासून उपयोग नाही, रिबनच बदला. भिजलेलं कन्सोल तांदळात पुरून ठेवण्यातही अर्थ नाही, उकडा असो की सुरय. दाण्यांची धूळ कनेक्टरमध्ये शिरते आणि आतलं मीठ आतच राहतं. उघडून, अल्कोहोलने धुऊन वाळवा.

शेवटी रिबन घालताना तिच्यावरची पांढरी रेषा किंवा दोन्ही बाजूंचे कान कनेक्टरच्या कडेला समांतर आले पाहिजेत. एका टोकाला रेषा दिसते आणि दुसऱ्याला नाही, म्हणजे ती तिरकी आहे, परत काढा. मग लॉक बंद, सर्वात शेवटी बॅटरी, आणि झाकण लावण्यापूर्वीच प्रत्येक बटण, स्पर्श, आवाज आणि पडदा तपासा. स्विचवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये कंट्रोलर्स अँड सेन्सर्स, आणि तिथे कॅलिब्रेट कंट्रोल स्टिक्स, असं जाऊन नवी जॉयस्टिक जुळवून घ्या. स्क्रू प्लास्टिकमध्ये बसतात, म्हणून आधी उलट्या दिशेने फिरवा, 'टक्' असा बारीक धक्का बोटाला जाणवला की स्क्रू जुन्या आट्यात उतरला, आणि मग तिथून सुलट आवळा.