सहा शेजारी, तीन निर्देशक

पडद्याच्या मध्यावर दिसणारा हा बिंदू प्रोग्रामने काढायच्या आपल्या षट्कोनी जाळीतल्या पहिल्या षट्कोनाचे केंद्र आहे. त्याच्याभोवती 40 पिक्सेल त्रिज्येचे वर्तुळ कल्पून त्यावर 30 अंशांपासून दर 60 अंशांवर एक असे सहा शिरोबिंदू घेतले, की टोक वर असलेला षट्कोन तयार होतो. त्रिज्येला कोनाच्या कोसाइनने गुणल्यास आडवे अंतर मिळते, साइनने गुणल्यास उभे. सहा फेऱ्यांच्या एका लूपला, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करणाऱ्या आज्ञेला, एवढी शालेय त्रिकोणमिती पुरते.

आता पहिली ओळ भरते आहे. षट्कोनाची उंची 80 पिक्सेल असली, तरी रुंदी त्रिज्येच्या √3 पट, म्हणजे सुमारे 69.28 पिक्सेल आहे. खालची ओळ मात्र 80 नव्हे, तर 60 पिक्सेलवर सुरू होते, कारण लागोपाठच्या ओळी पाव उंचीने एकमेकींत शिरतात, आणि ती अर्ध्या रुंदीने उजवीकडे सरकते.

बहुतेक जण येथे थांबतात आणि प्रत्येक घराला, म्हणजे षट्कोनाला, ओळ व स्तंभ असे दोन क्रमांक देतात. चित्र बरोबर येते. पण एखाद्या घराचे शेजारी विचारले, की सम ओळीसाठी एक उत्तर आणि विषम ओळीसाठी दुसरे द्यावे लागते, आणि ही विभागणी पुढे प्रत्येक फंक्शनमध्ये शिरते. षट्कोनी जाळीची सममिती अशा क्रमांकांत झाकली जाते, म्हणून शिकणाऱ्यापुढे पहिल्याच दिवशी तीन अक्ष ठेवले पाहिजेत.

आता हे ठोकळे पाहा. एकमेकांना चिकटवून रचलेल्या घनांपैकी ज्यांच्या केंद्रांच्या तीन पूर्णांक निर्देशकांची, म्हणजे तीन अक्षांवरील स्थान सांगणाऱ्या संख्यांची, बेरीज शून्य येते, तेवढेच आपण ठेवले आहेत. कॅमेरा कर्णाच्या दिशेने वळतो तसा प्रत्येक घन षट्कोन दिसू लागतो आणि सगळे मिळून फट न ठेवता जाळी भरतात. शेजारी जाणे म्हणजे एका निर्देशकात एक मिळवणे, दुसऱ्यातून एक वजा करणे आणि तिसरा तसाच ठेवणे. असे करण्याचे मार्ग नेमके सहा आहेत. दोन घरांमधील अंतर म्हणजे तीन फरकांपैकी चिन्ह सोडून सर्वांत मोठा फरक. मूळ घरापासून, म्हणजे तिन्ही निर्देशक शून्य असलेल्या घरापासून, दोन पावलांच्या आत येणारी घरे रंगवली, तर 19 होतात, तीन पावलांच्या आतली 37.

तिसरा निर्देशक साठवावा लागत नाही, कारण पहिल्या दोघांवरून तो निघतो. चित्र काढताना आडवे स्थान म्हणजे पहिला निर्देशक आणि दुसऱ्याचा निम्मा भाग यांची बेरीज गुणिले 69.28, उभे स्थान म्हणजे दुसरा निर्देशक गुणिले 60. सम-विषमाची अट कोठेही लागत नाही.

माउस फिरतो आहे आणि त्याच्याखालचे घर उजळते आहे. येथे हिशेब उलट दिशेने, म्हणजे पडद्यावरील स्थानावरून निर्देशकांकडे, होतो व निर्देशक अपूर्णांकात येतात, समजा 1.3, 0.4 आणि उणे 1.7. जवळचे पूर्णांक घेतले, तर 1, 0 आणि उणे 2 मिळतात, ज्यांची बेरीज शून्य नाही. म्हणून सर्वांत जास्त बदललेला, म्हणजे दुसरा, निर्देशक उरलेल्या दोघांवरून पुन्हा काढायचा. तो 1 येतो आणि घर नेमके सापडते. संपूर्ण प्रोग्राममध्ये मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग हाच आहे.

याच सममितीमुळे 1986 मध्ये फ्रिश, हासलाखर आणि पोमो या भौतिकशास्त्रज्ञांनी द्रवप्रवाहाच्या संगणकीय प्रतिकृतीसाठी चौकोनी जाळीऐवजी सहा दिशांची जाळी निवडली. उबरने 2018 मध्ये खुली केलेली एच-थ्री प्रणाली पृथ्वीचा पृष्ठभाग षट्कोनांत विभागते. परंतु गोल केवळ षट्कोनांनी झाकता येत नसल्यामुळे तिच्या सूक्ष्मतेच्या प्रत्येक पातळीवर 12 पंचकोन उरतात, आणि त्यांची केंद्रे समुद्रात पडतील अशा रीतीने तिची मांडणी केलेली आहे.