चार वाजताचा चहा

सभेच्या पत्रिकेवर विषय छापलाय लांबलचक: प्रौढ दिव्यांगांसाठी घरगुती निवास. पण इथं बसलेल्यांना प्रस्तावना नको. मूल अठराचं झालं, शाळेनं निरोप दिला आणि दुसऱ्या दिवशी ते डबा घेऊन दारात उभं राहिलं, हे निम्म्या घरांत झालंय. आमच्या बाळ्यानं तर दोन महिने दप्तर सोडलं नव्हतं.

बाळ्या माझा धाकटा भाऊ. चार वर्षांपूर्वी आईला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा त्याला घेऊन एका संस्थेत गेलो. नाव सांगत नाही. फरशी चकाचक. बाळ्यानं भिंतीवरचं घड्याळ बघितलं, म्हणाला, "चहा." चार वाजले होते. बाई प्रेमानं म्हणाल्या, "इथं साडेपाचला असतो, सगळ्यांना एकदम." बाळ्या उठला. "दादा, घर." बाई वाईट नव्हत्या हो. चाळीस माणसांचा चहा चाळीस वेळांना कोण करणार?

मग मागच्या गल्लीतल्या पद्मशाली काकू म्हणाल्या, "आमच्याकडं ठेवा की." सोलापूरच्या पूर्व भागातलं तेलुगू विणकराचं घर तुम्हाला माहीत आहे: पुढं चार माग, मागं दोन खोल्या, खडखडाटात सगळा संसार. मला वाटलं, हा घाबरणार. तर हा टॉवेलांच्या घड्या घालायला बसला! बारापर्यंत मोजता येत नाही त्याला. काकूंनी खडूनं जमिनीवर बारा चौकोन आखले. प्रत्येकात एक टॉवेल. चौकोन संपले की डझन झाला, बांधा गठ्ठा. वीस वर्षं शाळांचे उंबरे झिजवले, हे कुणाला सुचलं नव्हतं. आणि मागावाल्यांचा चहा टपरीवरून येतो चारलाच!

अकरा दिवसांनी घरी आला तो आईकडं "अम्मा, नीळ्ळु" म्हणत तेलुगूत पाणी मागायला लागला. आई म्हणाली, "कुठल्याही भाषेत माग बाबा, नळाला यायचं तेव्हाच येतं." हसताय, म्हणजे सगळे सोलापूरचेच आहात.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मुख्य मुद्दा तर राहिलाच. भराभर सांगतो.

बेल्जियममध्ये गील नावाचं गाव आहे. मध्ययुगात सेंट डिम्फ्नाच्या देवळात मनोरुग्णांना घेऊन यात्रेकरू यायचे. जागा पुरेना, तशी गावकऱ्यांनी घरं उघडली. ती पद्धत आजही चालू आहे. 1930 च्या दशकात साडेतीन हजारांवर माणसं अशी राहत होती. घरांना पैसे मिळतात, पाठीशी रुग्णालय असतं. हे महत्त्वाचं, कारण काकूंनी माझ्याकडून एक रुपया घेतला नाही आणि म्हणूनच बाराव्या दिवसाचं विचारायला माझी जीभ रेटली नाही.

आपल्याकडं 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, चार प्रकारांसाठी: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता. त्यात प्रौढांच्या निवासाची घरौंदा योजना आहे, निरामयचा 1 लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. पण काकूंचं घर बसेल असा रकाना मला सापडला नाही. मागणी एवढीच: अशा घराला महिन्याचं मानधन, नियमित येणारा समाजसेवक, काकूंनाही चार दिवस गावाला जाता यावं म्हणून जोडीला दुसरं घर. आणि बाळ्याला "नको" म्हणता यावं.

आणखी एक. अठरानंतर आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. या कायद्यातल्या चार प्रकारांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडं अर्ज करता येतो. कागदपत्रं विचारायची असतील तर जिन्यापाशी थांबतो. पण चहानंतर. मागच्या रांगेत बाळ्या उठलाय.