हात टेकू नका! बास्केटबॉल टीम, ज्युडोचा क्लास आणि पडायची पद्धत

नमस्कार मंडळी. आज पडवीत बसून बोलतेय. मागे पन्हळाचं पाणी पडतंय त्याचा आवाज येईल, तो तसाच असू दे. जुलैत मालवणात याहून शांत जागा शोधायची म्हणजे पाऊस थांबायची वाट बघायची.

मागच्या व्हिडिओत मी पांढरा जाडा अंगरखा घालून जेमतेम पाच सेकंद दिसले असेन. खाली कमेंटची रांग: "ताई, कराटे लावलंत का?" नाही. ज्युडो. कराटेत मुख्यतः ठोसे आणि लाथा असतात. ज्युडोत समोरच्याच्या कपड्याला धरायचं, त्याचा तोल घालवायचा आणि त्याला पाठीवर पाडायचं. दुसरा प्रश्न त्याहून जास्त जणांनी विचारलाय: "हे चॅनेल आपल्या मुलींच्या बास्केटबॉल टीमचं ना? मग मध्येच हे काय?" आजचा सगळा व्हिडिओ त्याचंच उत्तर आहे.

नवीन आलेल्यांसाठी खेळाचं भराभर सांगते. कोर्टवर पाच-पाच जणी. दहा मिनिटांचे चार क्वार्टर. बॉल हातात आला की चोवीस सेकंदांत बास्केटकडे मारायचा. साधी बास्केट दोन गुणांची, 6.75 मीटरच्या कमानीबाहेरून तीन, फ्री थ्रोचा, म्हणजे फाउल झाल्यावर कोणी न अडवता मारायला मिळतो त्या बॉलचा, एक. रिंग 3.05 मीटर उंचीवर. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. झालं. एवढ्यावर मॅच मस्त बघता येते.

आणि बघायला या. कबड्डीला आपल्याकडे गाव लोटतो, अंडरआर्म क्रिकेटला रात्रभर दिवे लागतात, आणि आमच्या मुलींच्या मॅचला कठड्यावर सतरा माणसं. त्यातल्या नऊ आया. मुंबईत नागपाड्याला बास्केटबॉल गल्लीतला खेळ आहे, अर्जुन पुरस्कार मिळालेले अब्बास मुन्तसीर तिथलेच. तिथे मुलं हा खेळ बघतच मोठी होतात. इथे बघणारं कोणी नसेल तर खेळायला तरी कोण येणार? या, पाण्याचा कॅन आणा, दोन सुकी फडकी आणा. कोर्टवर दव किंवा पाऊस असेल तर ती फडकी टाळ्यांपेक्षा जास्त उपयोगाची. आणि एक हात जोडून विनंती: आपली मुलगी फ्री थ्रोला उभी राहिली की गप्प बसा. "मार, मार!" ओरडू नका. तिला बॉल दोनदा आपटू दे, श्वास घेऊ दे. ओरडायला बाकीची चाळीस मिनिटं आहेत.

आता मूळ गोष्ट.

फेब्रुवारीत घाटावर एक स्पर्धा होती. पहाटेच्या एसटीने गेलो होतो. तिसऱ्या क्वार्टरला आमची पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ रचणारी, अकरावीतली पोर, ले-अपला, म्हणजे पळत येऊन रिंगजवळून बॉल टाकायला, उडाली. ती हवेत असताना समोरची मुलगी तिच्याखाली सरकली. नियम स्पष्ट आहे: उडालेल्या खेळाडूला खाली उतरायला जागा सोडावी लागते, ती हवेत गेल्यावर तिच्या वाटेत शिरता येत नाही. पंचांनी फाउल दिलाही. पण तोवर ही मागे कलली होती, आणि आपण सगळे जे करतो तेच तिने केलं. उजवा हात मागे नेला, कोपर ताठ केलं आणि तळवा काँक्रीटवर टेकला.

मी कठड्यावर होते, दहा-बारा फुटांवर. ती लगेच उठली. "काही नाही, काही नाही" म्हणाली. डाव्या हाताने बॉल आपटत राहिली. चार मिनिटांनी टाइम आउटला मी तिला पाण्याची बाटली दिली तर तिला झाकण फिरवता येईना. ते मी विसरत नाही.

पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही. डॉक्टर मात्र जाणकार होते. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी मनगटावर एक खळगा दिसतो ना, तिथे त्यांनी दाबलं आणि ती कळवळली. हाताला आधार बांधून त्यांनी दहा दिवसांनी परत बोलावलं. दुसऱ्या एक्स-रेत तडा दिसला. स्कॅफॉइड नावाचं लहानसं हाड. त्याला रक्तपुरवठा कमी, म्हणून जुळायला वेळ लागतो आणि दुर्लक्ष केलं तर जुळतही नाही. हे मुद्दाम सांगतेय. पडल्यावर त्या खळग्यात दुखत असेल, तर पहिला एक्स-रे चांगला आला म्हणून विषय सोडू नका.

तर, हात टेकू नका. ताठ कोपराने तळवा टेकला की सगळ्या अंगाचं वजन त्या मनगटातून जातं. मनगट नाही तर कोपर, कोपर नाही तर खांदा, कुठेतरी ते वजन जाऊन आदळतंच.

कमेंट येणार, मला माहीत आहे: "हात नाही टेकला तर डोकं आपटेल." अगदी बरोबर शंका आहे, आणि याच शंकेपायी मी ज्युडोच्या क्लासला गेले. मला तिला नुसतं "हात टेकू नको" सांगायचं नव्हतं. मग काय करायचं, तेही सांगता यायला हवं होतं.

पहिला क्लास लावला तो चुकला. कुठला ते सांगत नाही. पहिल्याच दिवशी, अर्ध्या तासात, मला कमरेवरून फेकलं. पडायचं कसं हे एका शब्दाने सांगितलं नव्हतं. डोक्याची मागची बाजू मॅटवर आपटली, चार दिवस मान वळत नव्हती. क्लास बघायला जाल तेव्हा एवढंच बघा: नवीन माणसाला पहिल्या दिवशी काय करायला लावतात? पडायला शिकवत असतील तर पैसे भरा. फेकत असतील तर चपला घाला आणि निघा.

आता कुडाळला जाते, एसटीने तासाभराचा रस्ता. तिथल्या सरांनी पहिले तीन आठवडे दुसरं काही शिकवलंच नाही. जपानीत या पडण्याला उकेमी म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी काय केलं सांगू? माझ्या हनुवटीखाली घडी घातलेला रुमाल दिला आणि म्हणाले, "हा पडता कामा नये."

(मोबाइल जरा खाली करते, म्हणजे दिसेल. खाली गादी आहे.)

उकिडवं बसायचं. रुमाल हनुवटी आणि छातीच्या मध्ये. नजर आपल्याच पट्ट्याच्या गाठीवर. पाठ गोल, आधी बूड टेकतं, मग कंबर, मग पाठ, पाळण्यासारखं मागे जायचं. पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात, तळव्यापासून कोपरापर्यंत सगळा हात एकदम, मॅटवर फटकारायचे. तळवे खाली. हात अंगापासून थोडेच लांब, साधारण तीस-चाळीस अंशांवर. खांद्याच्या रेषेत पसरले तर खांदा दुखेल. आणि श्वास बाहेर. बघा… असं. डोकं टेकलं? नाही. रुमाल? जागेवर.

फरक लक्षात आला का? हात इथेही जमिनीला लागतोच. पण तो अंगाखाली खांबासारखा उभा नसतो, अंगाच्या बाजूला आडवा पडतो. वजन त्याच्यावर येत नाही, ते पाठीवर पसरतं. आणि डोकं वाचवते ती हनुवटी. हात डोकं वाचवत नाही. हे मला पटायला दोन आठवडे लागले, कारण घाबरलं की हात आपोआप मागे जातो. सर प्रत्येक वेळी थांबवायचे. एका संध्याकाळी मी ऐंशी वेळा पडले असेन.

आमच्या शेजारच्या काकूंनी हे ऐकलं आणि अगदी मनापासून विचारलं, "पडाक शिकाक पैशे कित्याक दितंस गो?" त्यांचं उत्तर पुढे येतंय.

त्याआधी वाचलेलं एक सांगते, कारण ते मला फार आवडलं. बास्केटबॉल काढला जेम्स नेस्मिथ यांनी, डिसेंबर 1891 मध्ये, अमेरिकेत स्प्रिंगफील्डला. ज्युडो काढला जिगोरो कानो यांनी, 1882 मध्ये, तोक्योतल्या एका देवळात, बारा चटयांच्या जागेत. दोघांच्या जन्मात वर्षाचं अंतर, कानो 1860 चे आणि नेस्मिथ 1861 चे. दोघेही मास्तर. नेस्मिथना थंडीत आत हॉलमध्ये खेळता येईल असा खेळ हवा होता. कडक जमिनीवर मुलं एकमेकांना पाडतील ही धास्ती. त्यांनी विचार केला की बॉल घेऊन पळणाऱ्यालाच लोक पाडतात, म्हणून बॉल घेऊन पळणंच बंद केलं. ढकलणं, धरणं, पाय घालणंही पहिल्या तेरा नियमांतच बंद. कानोंनी दुसरी वाट धरली. जुजुत्सू या जुन्या जपानी कुस्तीतले घातक डाव सरावातून काढले आणि पडणाऱ्याला पडायला शिकवलं. एकाने माणूस पडू नये म्हणून नियम केले, दुसऱ्याने तो पडणारच असं धरून तयारी करून घेतली. आमच्या मुलींना दोन्ही लागतं. नियम असूनही कोणीतरी खाली सरकतंच.

पण एक मोठी सूचना. ज्युडोतली ती फटकार मॅटसाठी आहे. काँक्रीटवर तशी मारलीत तर तळव्याचं आणि कोपराचं वाटोळं होईल. मग कोर्टवर काय? हनुवटी छातीला, हे तसंच. गुडघे वाकवून जेवढं खाली बसता येईल तेवढं बसायचं, म्हणजे उंची कमी होते. हात छातीपाशी आवळून. बुडावर टेकायचं आणि मागे घसरू द्यायचं, किंवा कुशीवर वळायचं. बास्केटबॉलमध्ये चार्ज घेताना, म्हणजे बॉल घेऊन येणारीच्या वाटेत आधीच उभं राहून तिची धडक अंगावर घेताना, मुरलेले डिफेंडर असंच पडतात, बघा कधी नीट. म्हणजे फटकार जागेनुसार बदलते. हनुवटी आणि "हात टेकू नका", हे दोन्हीकडे तेच.

कमेंटकडे येते. "किती दिवसांत ब्लॅक बेल्ट मिळेल?" हा प्रश्न बावीस जणांनी विचारलाय. खूप वर्षं लागतात, आणि जो क्लास महिन्यांची हमी देतो तिथे जाऊ नका. "चाळिशीनंतर जमेल का?" मी एकेचाळीसची आहे. हाडांचा किंवा मानेचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि सरांना पहिल्या दिवशीच सांगा. "तो ड्रेस घ्यावाच लागतो का?" पहिल्या महिन्यात नाही, पूर्ण बाह्यांचा टीशर्ट आणि ट्रॅक पँट चालते. नखं कापलेली हवीत. बांगड्या, कानातलं, जोडवी काढून. जोडवी! अनवाणी मॅटवर ती अडकतात, दुसऱ्याला लागतात. माझी चौदा वर्षांत निघाली नव्हती. खोबरेल तेल लावून, बोटाला दोरा गुंडाळून, अर्धा तास लागला. खाली कातडी पांढरी, मऊ, आणि एक बारीक वळ. कोणी नाराज होईल का याची काळजी करणाऱ्या तीन जणींचे मेसेज आलेत. माझ्या सासूबाईंनीच तो दोरा धरला होता.

आता काकू. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी आमच्या पाखाडीवरून उतरत होते. जांभ्याच्या पायऱ्या, पहिल्या पावसातच त्यांच्यावर शेवाळ धरलेलं. एका हातात छत्री, दुसऱ्यात अळवाची जुडी. वरून चौथ्या पायरीवर पाय घसरला. आणि मी दोन्ही सोडलं. हे महत्त्वाचं आहे, ऐका. हातातली वस्तू वाचवताना माणसं हात मोडून घेतात. छत्री सोडा, पिशवी सोडा, मोबाइल सोडा. हनुवटी छातीला गेली, हात छातीशी आले, मी बुडावर बसले आणि कुशीवर दोन पायऱ्या घसरले. मांडीला हे एवढं काळंनिळं झालं. मनगटं ठीक, डोकं ठीक. विचार करायला वेळच नव्हता, अंगाने आपलं आपण केलं. त्या ऐंशी वेळा पडण्याचे पैसे तिथे वसूल झाले.

काकू दारात उभ्या होत्या. अळू गोळा करून दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पडवीत आल्या आणि म्हणाल्या, "ता हनवटेचा काय करतंस, ता माका दाखय." त्या सत्तरीच्या आहेत, त्यांना मागे पडायला मी शिकवणार नाही. खाटेवर बसवून हनुवटी छातीला लावायची आणि हातातलं सोडून द्यायचं, एवढंच दाखवलं. आणि पाखाडीच्या पायऱ्या आम्ही दोघींनी काथ्याच्या ब्रशने घासून काढल्या, कारण न पडणं कधीही बरं.

टीमचं सांगते आणि थांबते. शाळेने उंच उडीच्या जुन्या गाद्या दिल्यात. मंगळवारी आणि शुक्रवारी सरावाआधी वीस मिनिटं सगळ्या जणी हनुवटीखाली रुमाल धरून पडतात. कुडाळचे सर दोनदा येऊन बघून गेले. मी शिकवत नाही, मी फक्त मोजते. आमची पॉइंट गार्ड मेअखेरीस परत खेळायला लागली. गेल्या रविवारी सरावाच्या मॅचला ती पुन्हा रिंगखाली धडकली आणि मागे गेली. माझा श्वास अडकला. हात छातीशी, बूड, पाठ, घसरत एंडलाइनपर्यंत, आणि पडल्या पडल्याच मान वर करून पंचांकडे बघतेय, शिट्टी वाजली का म्हणून.

वाजली होती. दोन फ्री थ्रो. कठड्यावर आम्ही सगळे गप्प. पहिला रिंगवर फिरून बाहेर आला, दुसरा आत.