पॉवर देण्याआधी

नागपुरात कबाड्याकडून आणलेला 386 प्रोसेसरच्या जुन्या कॉम्प्युटरचा हा मदरबोर्ड. चालतो का ते बघायची घाई नको. आधी त्यावर काय काय बसवलंय ते ओळखू.

कोपऱ्यातलं हे निळं नळकांडं म्हणजे 3.6 व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी. पत्र्याच्या शेडखाली विदर्भाचे उन्हाळे काढलेल्या बोर्डावर ती बहुधा गळलेलीच सापडते. शेजारच्या पायांवर हिरवा खार दिसतोय, म्हणजे बॅटरीतली अल्कली बोर्डावरच्या तांब्याच्या ट्रॅकपर्यंत पोचलीय. बॅटरी कापून काढा, व्हिनेगर लावून टूथब्रशने घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा. काही बोर्डांवर बॅटरीऐवजी डॅलस (कंपनीचं नाव) छापलेला उंच काळा ठोकळा असतो. घड्याळाची चिप, क्रिस्टल आणि लिथियम सेल, सगळं त्याच्याच पोटात.

आता ही आयसी. वर 74एलएस245, खाली 9123. वरचा पार्टनंबर; खालचा सांगतो की चिप 1991 च्या 23 व्या आठवड्यातली आहे. गफलत होते 8042 पाशी. 1980 चा 42 वा आठवडा म्हणून सोडून द्याल, पण 40 पायांची ही चिप कीबोर्ड कंट्रोलर आहे. बायोसच्या, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या, चिपवरचं स्टिकर मात्र नंबर वाचायला काढू नका. खाली काचेची खिडकी असते आणि आठवडाभर थेट ऊन लागलं तर आतला प्रोग्राम पुसला जाऊ शकतो. नागपुरात उन्हाची काय कमी!

खरी भीती या पिवळ्या थेंबांची. हे टँटलम कपॅसिटर. 10 आणि 16 म्हणजे 10 मायक्रोफॅरड, 16 व्होल्ट. यावरची खूण प्लसची. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवरची पट्टी मायनसची. सवयीने उलटा लावला तर धूर ठरलेला. जुना टँटलम बिघडला की बहुधा शॉर्ट होतो, आणि 12 व्होल्टच्या लाइनवर 16 चा बसवला असेल तर लवकरच. म्हणून पॉवर न जोडता बोर्डावरच्या पॉवर कनेक्टरच्या 12 आणि उणे 12 व्होल्टच्या पिना ग्राउंडशी मीटरने मोजा. एक-दोन ओहम दिसले, तर त्या लाइनवरच्या टँटलमचा एक पाय उचलून पुन्हा मोजा. बदली 25 व्होल्टचा घ्या.

पॉवर सप्लायचे पी8 आणि पी9 हे दोन प्लग बोर्डाला जोडताना काळ्या वायरी मधोमध, एकमेकींना लागून.

बोर्ड उठला, पण कीबोर्ड मेलेला? कनेक्टरजवळचा हा हिरवा 'रेझिस्टर' बघा. शेजारी आर नाही, एफ छापलंय: फ्यूज. मीटरने शून्याच्या आसपास दाखवायला हवं.