घोडा घेताय? आधी त्याचं पोट समजून घ्या

नमस्कार मंडळी! मागून जो करकर आवाज येतोय ना, ती आमची घोडी कडबा चावतेय. येऊ दे तो आवाज, आजचा विषय तोच आहे.

दत्तजयंती जवळ आली की सारंगखेड्याच्या यात्रेचे व्हिडिओ फिरायला लागतात. तापीकाठचा तो घोडेबाजार, मारवाडी-काठेवाडी जनावरं. मग मला मेसेज येतात, "दादा, घोडा घ्यायचाय, केवढ्याला मिळेल?" देवमण (शुभ मानला जाणारा केसांचा भोवरा) कुठे बघायचा, पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंडावर पांढरा असलेला) घ्यावा का, सगळं विचारतात. तो रोज काय खाणार, हे मात्र फार थोडे विचारतात.

घोड्याचं पोट गायीसारखं नसतं. गाय भराभर खाऊन घेते आणि निवांत रवंथ करत बसते. घोड्याला रवंथ नाही. त्याचं जठर अंगाच्या मानाने लहान, साधारण 8 ते 15 लिटरचं. मोकळा सोडला तर दिवसरात्र मिळून पंधरा-सोळा तास तो थोडं थोडं चरत राहतो. जठरात आम्ल सतत पाझरत असतं. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा वैरण टाकून मोकळे झालात, तर मधल्या वेळात ते आम्ल जठरालाच जाळतं. आणि घोड्याला उलटी होत नाही! अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेलं माघारी येत नाही. बुरशीचं खाल्लं, कुजकं खाल्लं, तरी ते पुढेच जाणार.

हे मी शिकलो ते घोडीला त्रास देऊन. पहिल्याच पावसाळ्यात कडब्याच्या काही पेंढ्यांना ओल लागली होती. वरून बऱ्या दिसल्या, म्हणून टाकल्या. रात्री घोडी पुढच्या पायाने जमीन उकरायला लागली. मान वळवून पोटाकडे बघायची, बसायची, उठायची, लोळायची. मला वाटलं, डास चावत असतील. तो पोटशूळ होता. जवळच्या डॉक्टरांचा हात गायीम्हशींवर बसलेला, घोड्याची त्यांना सवय नव्हती. दुसरे डॉक्टर मिळेपर्यंत दोन तास गेले. घोडी वाचली, पण ते दोन तास मी विसरलेलो नाही. अशी लक्षणं दिसली की वैरण आणि चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, समोरून काढायची, मनाने कुठलंही औषध पाजायचं नाही आणि लगेच डॉक्टरांना फोन करायचा. तो नंबर घोडा दारात यायच्या आधी तुमच्याकडे हवा.

आता हिशोब. 350 किलोचा घोडा धरा. रोज 7 किलोच्या आसपास सुकी वैरण, 25-30 लिटर पाणी, उन्हाळ्यात आणखी. चंदी वरून, तीही कामाप्रमाणे आणि दोन-तीन वेळांत वाटून. लाडाने एकदम जास्त धान्य घातलं तर ते आतड्यात आंबतं आणि त्याचा मार थेट खुरांवर येतो. खुराच्या आतल्या थराला सूज येते, घोडा टाप टेकवायला तयार होत नाही. काही घोडे यातून कायमचे अधू होतात.

खुरांचंच बोलतोय तर, रोज टाप उचलून तळ साफ करा. घाण वास आला तर खूर सडतोय. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद, म्हणजे खूर कापून नाल ठोकणारा, हवाच. नाल झिजली नसली तरी खूर वाढत असतो. नालबंद आता सगळीकडे मिळत नाहीत, त्यामुळे तुमच्या भागात कोण आहे ते आधी बघा.

घोडा का अडला, पान का सडलं, भाकरी का करपली? उत्तर आपल्या सगळ्यांना लहानपणापासून पाठ आहे: न फिरवल्यामुळे! त्यातला घोडा अगदी खरा आहे. आठवडाभर दावणीला बांधून पूर्ण चंदी घातली आणि रविवारी दौडवला, तर त्याचे मागचे स्नायू आखडतात. रोज फिरवायला वेळ नसेल, तर पगारी मोतद्दार, म्हणजे घोडा सांभाळणारा माणूस, ठेवा. तेही परवडत नसेल, तर माझं स्पष्ट मत आहे, घोडा घेऊ नका.

धनुर्वाताची लस दरवर्षी, जंताचं औषध डॉक्टर सांगतील तसं. ग्लँडर्सची रक्ततपासणी सौद्याआधी मागा, कारण तो रोग माणसालाही होतो. आणि घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. तो म्हातारा होईल तेव्हा त्याला कोण सांभाळणार, हे घरात बसून आत्ताच बोला.

सौदा ठरला की एक काम विसरू नका. तो आजवर काय खात होता ते विकणाऱ्याला विचारा आणि त्याच वैरणीची, त्याच चंदीची आठ-दहा दिवसांची पोती गाडीत टाकून आणा. तुमची वैरण त्यात रोज थोडी थोडी मिसळत जा.