शाईचं पेन अडलं तर

श्रोतेहो, नमस्कार.

आज शाईच्या पेनाच्या दुखण्यांबद्दल बोलू. कपाटाच्या तळाशी आजोबांचं एखादं पेन सापडतं, हौसेनं शाई भरली जाते आणि कागदावर रेघही उमटत नाही. मग कुणी ते जोरजोरात झटकतं, कुणी दाढीच्या ब्लेडनं निबेची चीर कोरतं. माझं मत विचाराल तर पेनं मरतात ती या उपचारांनीच. मूळ आजार बहुतेक वेळा एकच असतो, वाळलेली शाई.

ती वाळते कुठं? निबेखाली जी जीभ असते, तिच्यावर अगदी बारीक खाचा असतात. त्यांतून शाई पुढं येते आणि तिची जागा घ्यायला हवा मागं टाकीत शिरते. अमेरिकेत वॉटरमननं १८८४ साली पेटंट मिळवलं ते या जिभेच्या रचनेवर. खाच बुजली की हवा आत जात नाही, आणि हवा गेली नाही की टाकी काठोकाठ भरलेली असूनही पेन कोरडं ते कोरडंच.

यावर औषध म्हणजे साधं, गार पाणी. टाकी रिकामी करा, निबेचा भाग वाटीभर पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी पाणी निळंशार झालेलं दिसेल. ते बदला, पुन्हा ठेवा. वीस-पंचवीस वर्षं पडून असलेल्या पेनाला यात चार-पाच दिवसही जातात, जाऊ द्या. शाई फारच चिवट असेल तर भांडी घासायच्या पातळ साबणाचा एक थेंब टाका, पण नंतर तो पूर्ण धुऊन काढा, नाहीतर शाई कागदावर पसरत जाते. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, म्हणून शेवटची धुलाई डिस्टिल्ड वॉटरनं केलेली बरी. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो तेच.

गरम पाणी मात्र नको. जुन्या पेनांची दांडी आणि जीभ पुष्कळदा एबोनाइटची असते, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची. राजमहेंद्रीच्या रत्नम यांची पेनं याच एबोनाइटची. गरम पाणी लागलं की त्याचा काळाभोर रंग मातकट, हिरवट होतो. तसंच स्पिरिट आणि नेलपॉलिश काढायचं द्रावण. त्यानं काही प्लास्टिकच्या दांड्या तडकतात, काही चक्क विरघळतात.

ड्रॉपरनं शाई भरायची पेनं गळतात अशी तक्रार फार. दोष पेनाचा नसतो. शाई कमी झाली की टाकीत हवा वाढते, हाताच्या उबेनं ती फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. एक तृतीयांश उरली की भरून घ्या. आट्यांना किंचित सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन नको, आत रबराचं कडं असेल तर ते खराब होतं.

आता शाई. दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत शाईची पूड आणि गोळ्या करायला सुरुवात केली, त्यातून पुढं कॅमलिन उभी राहिली. पेनासाठी केलेली शाई वेगळी आणि चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी शाई वेगळी. त्या काळ्या शाईत लाख असते. ती जिभेत वाळली की पाण्याला दाद देत नाही, म्हणून पेनात कधीच भरू नका. हिराकस घातलेली जुन्या पद्धतीची निळी-काळी शाई आम्लयुक्त असते आणि पोलादी निबेला हळूहळू खाते. ती वापरत असाल तर पेन वरचेवर धुवा, एरवी महिन्या-दीड महिन्यानं धुतलं तरी चालतं. पावसाळ्यात दौतीच्या तोंडाशी बुरशीचा तंतू दिसला, तर शाई गाळून वापरायचा मोह टाळा. दौत सरळ टाकून द्या आणि तिच्यातून भरलेली सगळी पेनं धुवा.

धुतलेलं पेन फडक्याची घडी घातलेल्या पेल्यात, निब खाली करून, रात्रभर निथळत ठेवा. मग शाई भरा. इतकं करूनही अडलं, तर भिंगातून निबेची दोन्ही पाती बघा. एक पातं वर आणि दुसरं खाली असेल, तर नखानं अगदी हलकेच दाबून पाहा. पक्कड लावायची वेळ आली, तर मात्र पेन दुरुस्त करणाऱ्याकडं न्या.

नमस्कार.